पाठीवर घर घेतलेली पिकअप

१९६० च्या शरदात जॉन स्टाइनबेक हा अमेरिकन कादंबरीकार आपलाच देश पुन्हा एकदा पाहायला निघाला. सोबतीला चार्ली नावाचा पूडल कुत्रा होता. त्याने जीएमसी कंपनीची पाऊण टनी पिकअप घेतली, तिच्या हौद्यावर पलंग, शेगडी, फ्रीज असलेलं छोटं घर बसवून घेतलं आणि डॉन किहोतेच्या घोड्यावरून गाडीचं नाव ठेवलं ‘रोसिनांते’. मग सामान भरताना त्याचा हात सैल सुटला. न वाचलेल्या पुस्तकांचंच वजन दीडशे पौंड, म्हणजे ६८ किलो झालं. पुढे ओरेगॉन राज्यात भर पावसात गाडीचं मागचं टायर फुटलं आणि या ओझ्याची किंमत कळली. हा प्रवास १९६२ साली ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ या पुस्तकात आला. ती पिकअप आज कॅलिफोर्नियातल्या सॅलिनस गावी, स्टाइनबेकच्या नावाच्या संग्रहालयात उभी आहे.

पिकअपच्या पाठीवर घर घेऊन हिंडण्याचं वेड अमेरिकेत तेव्हापासून वाढतच गेलं. फरक एवढाच, की स्टाइनबेक बहुतेक डांबरी रस्त्यांवरून फिरला आणि आजच्या हौशी मंडळींना डांबर संपतं तिथून पुढे जायचं असतं. युटामधल्या कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानातला व्हाइट रिम रोड हे त्यांचं तीर्थक्षेत्र. युरेनियमच्या शोधासाठी १९५० च्या दशकात काढलेली ही वाट सुमारे १६० किलोमीटरचा वळसा घालते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि खाली खडक, वाळू, पायऱ्या. अशा वाटेवर अर्ध्या टनाहून जास्त ओझं घेऊन जायचं, तर गाडीच्या सस्पेन्शनला हात लावावाच लागतो. तो कुठे लावायचा आणि कोणत्या क्रमाने, याचा हा हिशेब आहे.

पहिला थांबा गॅरेज नाही, वजनकाटा. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की चौकटीवर पिवळी पट्टी असलेलं एक लेबल दिसतं. माणसं आणि सामान मिळून किती वजनाच्या पुढे जायचं नाही, तो आकडा त्यावर किलोत आणि पौंडात छापलेला असतो. हा आकडा त्याच विशिष्ट गाडीचा असतो. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत सनरूफ, मोठी चाकं, चामड्याच्या सीट यांमुळे तो बदलतो. अमेरिकेत पिकअपच्या पाठीवरच्या घरासाठी, म्हणजे कॅम्परसाठी, फार लोकप्रिय असलेल्या टोयोटा टॅकोमावर हा आकडा प्रकारानुसार साधारण ४५० ते ७०० किलोंच्या दरम्यान असतो. गाडीचा रुबाब पाहून कुणालाही तो दुप्पट वाटेल.

आता हिशेब मांडून पाहू. छत वर उचलता येतं असा, आत फर्निचर असलेला मध्यम कॅम्पर ४८० किलो. पाणी ७० लिटर, म्हणजे ७० किलो. फ्रीज आणि बॅटऱ्या ४५. दोन माणसं १४५. अन्न, कपडे, अंथरूण, शेगडी, गॅस ७०. हवा भरायचा कॉम्प्रेसर, फावडं, जॅक, रुतलेली गाडी काढायच्या फळ्या ४५. एकूण ८५५ किलो. दारावरच्या लेबलवर ५३० लिहिलेलं असेल, तर गाडी निघण्याआधीच ३२५ किलो जास्त भरली आहे.

इथे बहुतेक जण म्हणतात, ‘मग पाटे, म्हणजे मागच्या पट्टीदार स्प्रिंगा, बदलू.’ ही पळवाट आहे आणि तिच्यामुळेच पुढची सगळी दुखणी उद्भवतात. लेबलवरचा आकडा फक्त पाट्यांवरून ठरत नाही. ब्रेक, ॲक्सलच्या नळ्या, चाकांचे बेअरिंग, चॅसिस, टायर, रिम या सगळ्यांचा विचार त्यात असतो. जाड पाटे घातल्याने गाडी मागून बसायची थांबते, पण उतारावर तीच गाडी थांबवणारे ब्रेक जुनेच राहतात. अमेरिकेत मालकाने स्वतः सस्पेन्शन बदलल्याने उत्पादकाने ठरवलेली एकूण वजनाची मर्यादा वाढत नाही. ऑस्ट्रेलियात ती कायद्याने वाढवून घेता येते, पण त्यासाठी पाटे, शॉकअप आणि गरजेनुसार इतर भाग यांचा चाचण्या झालेला संच बसवावा लागतो, गाडीला नवी वजनपट्टी लागते आणि ती कागदोपत्री नोंदवली जाते.

म्हणून आधी वजन उतरवायचं. आत काहीही न बांधलेला, नुसता कवचासारखा कॅम्पर ३३० किलोंत मिळतो. पाणी ४० लिटर पुरतं, वाटेत भरता येतं. फ्रीज लहान घ्या, कपडे कमी करा, दुहेरी अवजारं काढून टाका. हाच हिशेब ६४० किलोंवर येतो, आणि ६५० वाहू शकणारा टॅकोमाचा प्रकार निवडला तर गाडी मर्यादेत बसते. संडास-बाथरूमसकट ऐसपैस घर हवंच असेल, तर फोर्डच्या एफ-२५० किंवा एफ-३५० च्या वर्गातली मोठी पिकअप घ्यावी. लहान गाडीला मोठी करण्यात जो पैसा जातो, त्यात अनेकदा मोठ्या गाडीचा फरक भरून निघतो.

वजन मर्यादेत आलं, तर सस्पेन्शनला हात कशाला लावायचा? कारण कारखान्यातून आलेली पिकअप ही एक तडजोड असते. तिचा मालक वर्षातले बहुतेक दिवस रिकाम्या हौद्याने ऑफिसला जाणार आणि एखाद्या रविवारी विटा आणणार, हे धरून तिच्या स्प्रिंगा ठरवलेल्या असतात. कॅम्पर बसवला की तो रविवार रोजचाच होतो. शिवाय ते वजन विटांसारखं हौद्याच्या तळाशी राहत नाही, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर जातं आणि प्रत्येक वळणावर बाहेर झुकू पाहतं.

पाटे काय करतात, ते आकड्यांनी पाहिलं की डोळ्यांसमोर उभं राहतं. समजा, रिकाम्या गाडीच्या मागच्या पाट्यांवर ७०० किलो आहेत आणि दोन्ही बाजूंचे पाटे मिळून प्रत्येक मिलिमीटर दबायला ४६ न्यूटन बल घेतात. मध्यम आकाराच्या पिकअपसाठी हे वास्तवाला धरून आहे. ही गाडी सेकंदाला सुमारे १.३ वेळा वर-खाली होते. मागे ५०० किलो टाकले की ती आणखी साडेदहा सेंटिमीटर बसते, आणि ॲक्सल व चॅसिस यांच्यातला रबरी ठोकळा, म्हणजे बंप स्टॉप, जवळजवळ टेकतो. कंपनही सेकंदाला एकच्या खाली जातं. रस्त्यावर ही गाडी होडीसारखी डुलते आणि प्रत्येक खड्ड्यात ठोकळ्यावर आदळते. ॲक्सलला वर यायला जागाच उरलेली नसते. कच्च्या रस्त्यावर चाक वर-खाली जायला जागा नसेल, तर धक्का थेट चॅसिसला बसतो.

आता ७५ न्यूटनचे पाटे घालू. तेच ५०० किलो गाडीला फक्त साडेसहा सेंटिमीटर बसवतात, आणि पाट्यांना थोडा जास्त बाक दिला की तेवढं बसूनही गाडी मूळ उंचीवर राहते. कंपन पुन्हा सेकंदाला सव्वाच्या आसपास येतं, म्हणजे भरलेली गाडी रिकाम्या गाडीसारखी चालते. चांगल्या सस्पेन्शनची ओळख हीच. गाडी किती उंच दिसते, याला इथे महत्त्व नाही. बाक वाढवून गाडी उंच करता येते आणि तरीही पाटे मऊ राहू शकतात. उलट, उंची न वाढवता कडकपणा वाढवता येतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात त्या सर्रास एकच म्हणून विकल्या जातात.

कडकपणा वाढवायचा कसा? पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा घेतला, तर तो जवळपास दुप्पट कडक होतो. मात्र तेवढाच वाकवला, तर जाड पाट्याच्या पृष्ठभागावर ताणही जास्त येतो. म्हणून मोजके जाड पाटे लावण्यापेक्षा जास्त पातळ पाटे लावणं हा ओबडधोबड रस्त्यांवरचा शहाणा मार्ग. त्यातही एक अडचण आहे. पाटे जितके जास्त, तितकं त्यांचं एकमेकांवर घासणं जास्त, आणि बारीक खडीवर गाडी कडक वाटते. म्हणून चांगले कारागीर पाट्यांच्या टोकांशी नायलॉनसारख्या घसरणाऱ्या पदार्थाच्या चकत्या बसवतात. आणखी एक बारकावा पाहण्यासारखा आहे. मुख्य पाट्याचं टोक वळवून जो डोळा केलेला असतो, त्यात बुश आणि बोल्ट असतात. दुसऱ्या पाट्याचं टोकही त्या डोळ्याभोवती अर्धवट वळवून घेतलं, तर मुख्य पाटा तुटला तरी ॲक्सल जागा सोडत नाही. गावापासून दीडशे किलोमीटर दूर तुटलेल्या पाट्यावर गाडी हळूहळू परत आणता येते, ती यामुळे.

आपल्याकडे कांदा, ऊस, वाळू वाहणाऱ्या टेम्पोंना ‘एक पाटा वाढव’ म्हणून सांगण्याची रीत रस्त्याकडेच्या प्रत्येक पाटेवाल्याला ठाऊक आहे. अमेरिकेतही हेच करतात, जुन्या जुडग्यात एक जादा पाटा सरकवून द्यायचा. स्वस्तात काम होतं आणि कधीमधी वजन नेणाऱ्याला ते पुरतंही. पण सतत कॅम्पर वाहणाऱ्या गाडीत नवा कडक पाटा आणि थकलेले जुने पाटे एकमेकांशी जुळत नाहीत. सगळा भार नवा पाटा घेतो, गाडी काही दिवस उंच राहते आणि मग पुन्हा बसते. म्हणून पूर्ण नवा संच घ्यावा, तोही आपल्या वजनाला बेतलेला. कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शन गावच्या अल्कनसारख्या कारखान्यांत पाटे मागणीनुसार बनवून मिळतात. अशा ठिकाणी ‘कायमचं ओझं किती’ हाच खरा प्रश्न असतो. त्याचं उत्तर वजनकाट्याच्या पावतीवरून द्यायचं, अंदाजाने नाही. कॅम्पर दर आठवड्याला उतरवून ठेवणार असाल, तर तेही सांगायचं, कारण कायमच्या ओझ्यासाठी बनवलेले पाटे रिकाम्या गाडीला दगडासारखे वाटतात. (२०२४ च्या मॉडेलपासून टॅकोमाच्या बऱ्याच प्रकारांत मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आल्या आहेत. तिथेही सूत्र हेच, फक्त सुटा भाग वेगळा.)

हवेच्या पिशव्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ॲक्सल आणि चॅसिस यांच्यामध्ये रबरी पिशवी बसवायची आणि हवा भरून गाडी हवी तेवढी उचलायची, ही कल्पना डांबरी रस्त्यावर उत्तम चालते. ओझं कमी-जास्त झालं की हवा कमी-जास्त करता येते, डाव्या-उजव्या बाजूंचा फरकही सावरता येतो. पण कच्च्या रस्त्यावर तीन गोष्टी घडतात. पहिली, पाट्यांचा भार चॅसिसला दोन टोकांना, म्हणजे पुढच्या हँगरवर आणि मागच्या शॅकलवर पोहोचतो. पिशवी तो बराचसा मधल्या एका बिंदूवर देते. तिच्यामागे हौद्याबाहेर लोंबणारं वजन असेल, तर चॅसिसची पट्टी त्या बिंदूवर वाकू पाहते. ऑस्ट्रेलियाच्या आडरानात दुहेरी केबिनच्या पिकअपांच्या वाकलेल्या चॅसिसबद्दल मेकॅनिक सांगतात, तेव्हा जास्त भरलेलं वजन आणि ॲक्सलमागचं लोंबतं ओझं यांच्या जोडीला या पिशव्यांचा उल्लेख बहुधा येतो. दुसरी, दोन्ही टोकांना घट्ट बांधलेली पिशवी चाकाला खाली सुटू देत नाही आणि फार ताणली की फाटते. तिसरी, दोन्ही पिशव्या एकाच नळीला जोडल्या असतील, तर वळणावर बाहेरच्या पिशवीतली हवा आतल्या पिशवीत जाते आणि गाडी आणखी झुकते. म्हणून पिशव्या घ्यायच्याच असतील, तर थोडा समतोल साधण्यापुरत्या, कमी हवेच्या, दोन्ही बाजूंना स्वतंत्र नळ्या असलेल्या. भार पाट्यांनीच उचलावा.

लोंबत्या वजनाचा हिशेब साधा आहे, पण तो कुणी करत नाही. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर ३.२ मीटर धरू. मागच्या ॲक्सलच्या १.६ मीटर मागे, म्हणजे बंपरवर, जादा चाक आणि डिझेलचे कॅन मिळून ६० किलो टांगले. मागच्या ॲक्सलवर भार वाढतो ९० किलो, कारण तरफेमुळे पुढची चाकं ३० किलोंनी हलकी होतात. त्याच ३० किलोंनी स्टिअरिंग सैल होतं, ओल्या वळणावर गाडी सरळ निघून जाऊ लागते आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यावर पडतात. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या थोडा पुढे पडला पाहिजे. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार पिकअप बनवणाऱ्याला हा गुरुत्वमध्य कोणत्या पट्ट्यात असावा हे सांगावं लागतं, आणि कॅम्पर बनवणाऱ्याला त्याचं वजन व गुरुत्वमध्य. विकत घेताना या दोन कागदांची गाठ घालून पाहणं, हे पाट्यांवर खर्च करण्यापेक्षा जास्त फायद्याचं ठरतं.

आता शॉकअप. स्प्रिंग धक्का साठवते, शॉकअप तो जिरवतो. नवे पाटे घातले आणि शॉकअप तेच ठेवले, तर काय होतं? वरच्याच उदाहरणातली रिकामी गाडी एक पूर्ण हेलकावा घेते, तेव्हा सुरुवातीच्या उसळीपैकी सुमारे १४ टक्के उरते, म्हणजे ती लगेच शांत होते. त्याच गाडीत ५०० किलो टाकले, तर २३ टक्के उरते. आणि पाटे कडक केले, शॉकअप मात्र जुनेच ठेवले, तर ३२ टक्के. म्हणजे नुसते पाटे बदलून गाडी आधीपेक्षा जास्त उसळते. पैसे खर्चून गाडी बिघडल्याची तक्रार घेऊन येणारे बहुतेक लोक इथेच अडकलेले असतात. कडक पाटा जास्त ऊर्जा साठवतो आणि ती परत वर फेकतो. त्यामुळे शॉकअपची ताकद विशेषतः ताणताना, म्हणजे चाक खाली सुटतं त्या दिशेला वाढवावी लागते. या उदाहरणात ती पूर्वीच्या सुमारे पावणेदोन पट हवी.

शॉकअपमध्ये तेलातून पिस्टन सरकतो आणि गतीचं रूपांतर उष्णतेत होतं. डांबरावर ती उष्णता सहज निघून जाते. पन्हळी पत्र्यासारख्या लाटा उठलेल्या मातीच्या रस्त्यावर मात्र वेगळंच चित्र असतं. दोन लाटांमधलं अंतर ७० सेंटिमीटर धरलं, तर ताशी ५० किलोमीटर वेगाने प्रत्येक चाकाला सेकंदाला सुमारे २० धक्के बसतात. तासाभरात ते ७० हजारांवर जातात. तेल तापतं, पातळ होतं, त्यात बुडबुडे होतात, आणि पिस्टन तेलाऐवजी फेसातून सरकू लागला की शॉकअप नावापुरता उरतो. फ्रेंच अभियंता क्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बों याने तेलावर दाबाखाली वायू ठेवून ही फेसाची अडचण सोडवली. जर्मनीच्या बिलस्टाइन कंपनीने ती रचना घेतली आणि १९५७ मध्ये मर्सिडीजच्या गाड्यांत आणली. आजही एकाच नळीचे, नायट्रोजन भरलेले शॉकअप त्याच तत्त्वावर चालतात. जास्त तेल मावावं म्हणून बाजूला वेगळी टाकी जोडतात. नळीचा व्यास मोठा असला, तर थंड व्हायला पृष्ठभागही जास्त मिळतो. कॅम्परवाल्या गाडीला मी हा खर्च पाट्यांइतकाच आवश्यक मानतो.

या लाटांचं कारण बराच काळ गाड्यांच्या स्प्रिंगांवर ढकललं जात होतं. १९६३ मध्ये कीथ मॅथर या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये रस्त्यांवर लाटा का उठतात, यावर सविस्तर लिहिलं. २००७ मध्ये ताबेर्ले, मॉरिस आणि मॅकएल्वेन या संशोधकांनी गोल फिरणाऱ्या वाळूच्या थरावर चाक चालवून दाखवलं, की सस्पेन्शन नसलेलं साधं चाकही एका ठराविक वेगाच्या पुढे लाटा उठवतं. म्हणजे रस्ता सपाट राहील अशी अपेक्षा कोणत्याही शॉकअपकडून करता येत नाही. आपल्या हातात राहतं ते चाकातल्या हवेचं प्रमाण आणि वेग. चाक व ॲक्सल यांचं स्वतःचं कंपन सेकंदाला साधारण १० ते १५ असतं. लाटांची गती त्या पट्ट्यात आली, म्हणजे ताशी तीस-पस्तीसच्या आसपास, की सारं घर खडखडतं. रिकामी गाडी वेग वाढवून लाटांच्या माथ्यांवरून सरकत जाते, पण तेव्हा टायरची पकड अर्धवट सुटलेली असते. मागे उंच ओझं असताना हा मार्ग धरू नये. हवा कमी करून सावकाश जाणं, हाच उपाय.

हवा कमी करतानाही टायरची भारक्षमता डोळ्यांसमोर ठेवावी लागते. टायरच्या कडेला लिहिलेला १२१ हा भारांक म्हणजे पूर्ण हवेत एका टायरला १४५० किलो. ११२ असेल, तर ११२०. हवा कमी केली की ही क्षमताही कमी होते, म्हणून कमी हवेत वेगही कमी ठेवायचा आणि डांबर लागताच हवा परत भरायची. कॅम्परसाठी ट्रकच्या वर्गातले, जाड कडेचे टायर घ्यावेत. ते जड असतात आणि शॉकअपला जास्त काम देतात, तरीही घ्यावेत.

झुकण्यावरचा उपाय म्हणजे अँटी-रोल बार. डावं चाक वर गेलं की उजव्यालाही वर ओढणारी ही वळलेली सळई. तिच्यामुळे महामार्गावरच्या आडव्या वाऱ्यात आणि वळणात कॅम्पर सरळ राहतो. पण दगडांवर हीच सळई चाकांना स्वतंत्रपणे हलू देत नाही आणि एक चाक हवेत उचललं जातं. त्यामुळे तिचे जोड चटकन सोडता-जोडता येतात अशी रचना घ्यावी, आणि डांबर लागल्यावर ती जोडायला विसरू नये.

पुढच्या बाजूला फारसं वजन वाढत नाही, पण मागची उंची आणि वागणूक बदलली की पुढची त्याला जुळवून घ्यावी लागते. पुढे लोखंडी बंपर आणि विंच असेल, तर त्याच्या वजनाइतक्या कडक कॉइल लागतात. पुढची उंची वाढवली, तर चाकांचा कोन बदलतो, म्हणून अलाइनमेंट करूनच गाडी बाहेर काढायची.

जुन्या टोयोटा पिकअपांत एक भाग असा आहे, की बहुतेक गॅरेजवाले त्याच्याकडे लक्षच देत नाहीत. मागच्या ॲक्सलपासून निघालेली एक बारीक सळई चॅसिसवरच्या झडपेला जोडलेली असते. गाडी मागून बसली की झडप समजते, ओझं आहे, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देते. गाडी उंच असेल, तर ती हौदा रिकामा मानते आणि मागचा दाब कमी करते. आता नव्या पाट्यांनी भरलेली गाडीही रिकाम्या गाडीच्या उंचीवर राहते. झडपेला ओझं कळतच नाही, मागचे ब्रेक अर्धेमुर्धे लागतात आणि सगळा भार पुढच्यांवर येतो. सळईचा कंस तेवढाच वर-खाली करून घेतला की काम होतं. तासाभराच्या या कामावर घाटातला जीव अवलंबून असतो.

भारतात हा प्रयोग करायचा, तर कायदा आधी वाचावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीपत्रातली माहिती उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे चाकांवरच्या घरांना इथे जागा आहे. पण हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या पिकअपच्या हौद्यावर घर चढवून वजन वाढवणं म्हणजे प्रादेशिक परिवहन कार्यालयाची मंजुरी आधी आणि गॅरेज नंतर.

काम झाल्यावर गाडी पुन्हा वजनकाट्यावर न्यावी, पूर्ण भरून, माणसांसकट. अमेरिकेतल्या ट्रकथांब्यांवर ‘कॅट’ कंपनीचे काटे असतात. त्यांची फळी तीन भागांत विभागलेली असल्याने पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगळं मिळतं. मागच्या ॲक्सलचा आकडा दारावर लिहिलेल्या ॲक्सलच्या मर्यादेशी ताडून पाहायचा. डाव्या-उजव्या चाकांत मोठा फरक आढळला, तर पाण्याची टाकी किंवा बॅटऱ्या दुसऱ्या बाजूला हलवायच्या, पाट्यांशी खेळायचं नाही.

शॅकलचे आणि पाट्याच्या डोळ्याचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळू नयेत. रबरी बुश त्या अवस्थेत घट्ट बसतात, गाडी खाली आली की कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. गाडी स्वतःच्या वजनावर, भरलेल्या अवस्थेत उभी करून मगच शेवटचा आवळा द्यावा. यू-बोल्ट नवेच घ्यावेत, कारण जुने एकदा ताणलेले असतात. नवे पाटे एकमेकांवर बसत जातात तसे यू-बोल्टही सैल पडतात. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने ते पुन्हा आवळावेत, आणि पहिल्या खडबडीत दिवसानंतर आणखी एकदा.

त्याच दिवशी संध्याकाळी टॉर्च घेऊन गाडीखाली जावं. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ आहे का, बंप स्टॉपवर ताजा घासल्याचा चट्टा आहे का, ब्रेकची नळी चाक पूर्ण खाली सुटल्यावरही सैल राहते का, कॅम्परला चॅसिसशी बांधणाऱ्या साखळ्यांचे ताणबोल्ट ढिले झालेत का, हे पाहावं. शेवटी चॅसिसच्या पट्टीवर, मागच्या ॲक्सलच्या वर आणि हौदा-केबिनच्या मधल्या फटीजवळ, बोट फिरवावं. रंगाला पडलेली केसाएवढी रेघ आणि तिच्या कडेला उतरलेला तांबूस गंज दिसला, तर तिथे चॅसिस चिरायला लागलं आहे. अशी गाडी दुसऱ्या दिवशी पुढे न नेता कॅम्पर उतरवून सरळ वेल्डिंगवाल्याकडे न्यावी.